पाणी, चूल आणि मूठमाती

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते, आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे टाकत जंगलात शिरते आणि डोंगरगडवरून राजनांदगावला पोचते. हा मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी तयार झाला. त्यानंतर दहाएक वर्षांनी याच मार्गाने राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघालेल्या एका तरुण ब्राह्मण कवीची डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा कवितेवर सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने नवा करार हाती ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

श्रद्धेपायी होणारा छळ म्हटला की आपल्याला दगडफेक, जाळपोळ, कोर्टकचेरी आठवते. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात हा छळ बहुतेक घरातूनच झाला, आणि त्याची हत्यारे घरगुतीच होती: पाणी, चूल, पंगत, सोयरीक. बाटलेल्या माणसाचा वारसाहक्क बुडू नये म्हणून सरकारने १८५० साली कायदा केला. जमीन त्याने वाचली असेल. पण घरचा तांब्या कोणता कायदा परत मिळवून देणार?

टिळकांच्या बाबतीत तर शिक्षेचा मोठा वाटा, जिने धर्म सोडलाच नव्हता, तिच्या वाट्याला आला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्या विधवा नव्हत्या, आणि सवाशीण म्हणून मिरवण्याची सोयही उरली नव्हती. नातलगांनी त्यांना सांभाळले, हे त्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कृतज्ञतेने नोंदवतात. पण त्या मायेतच पहाराही होता. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. चूल वेगळी, पाणी वेगळे. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी राहुरीला स्वतःच्या मनाशी सोडवला आणि कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमिष, फसवणूक, सक्ती या तीन शब्दांत प्रत्येक धर्मांतराचा निकाल लावणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा सलग वाचावे.

टिळक ज्या मार्गाने गेले तो गोंदिया-राजनांदगावचा सारा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. त्याच सरकारने १९५४ साली माजी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी लावली. परदेशी पैसा आणि शाळा-दवाखान्यांच्या आडून होणारा प्रचार यांवर १९५६ च्या अहवालाने कठोर बोट ठेवले. काही मिशनांचा पैशाचा व्यवहार चौकशीला पात्र होता, हे मान्य करायला हवे. पण त्या संशयाचे ओझे आजतागायत वाहतो आहे तो डोंगराआडचा, दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेला आदिवासी शेतकरी. मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्य कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरवला आणि पुढे तो छत्तीसगडकडे वारशाने आला.

आज त्या रेल्वेमार्गावर काय घडते? राजनांदगावच्या पुढे दुर्ग लागते. २५ जुलै २०२५ रोजी तिथल्या स्थानकावर केरळच्या दोन नन आणि एका आदिवासी तरुणाला मानवी तस्करी व सक्तीच्या धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. बरोबर नारायणपूर भागातल्या तीन तरुणी होत्या. आम्ही राजीखुशीने नोकरीसाठी निघालो होतो, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. आठवड्याभराने, २ ऑगस्टला, बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला.

बस्तरची गोष्ट याहून जिव्हारी लागते. ७ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या एका खेड्यात एक वृद्ध पाळक वारले. गावात मूठमातीला विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, मग दिल्लीला. वडिलांचा देह तोवर शवागारात. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. एकीने मुलाच्या खासगी जमिनीत दफनाची मुभा द्यावी म्हटले, दुसऱ्याने नकार दिला. अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश निघाला. वीस दिवस एका लेकाने बापाला माती देण्यासाठी वकील गाठले. एरवी गावकी ज्या वेळी भांडण विसरून खांदा द्यायला येते, तीच ही वेळ होती.

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीपासून छत्तीसगड दूर नाही. सोयरिकी, बाजार, मजुरी सगळे सीमेपलीकडे चालते, आणि बहिष्काराची रीतही सीमा ओलांडू शकते. महाराष्ट्राकडे मात्र सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. समाजातल्या माणसाला स्मशान वा दफनभूमी वापरू न देणे, त्याच्याशी व्यवहार तोडायला लावणे हा त्यात गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जातपंचायतींच्या जाचातून माणसे सोडवण्यासाठी तो झाला. प्रार्थनेला जातो म्हणून आपल्याच भाऊबंदांनी वाळीत टाकलेल्या गोंड कुटुंबासाठीही तो वापरता येईल, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी सालेकसा-देवरीच्या पोलीस पाटलांना, तलाठ्यांना आणि ग्रामसभांना तो आधी माहीत करून द्यावा लागेल, आणि ते काम जिल्हा प्रशासनाने कुणाचा देह अडवला जाण्याची वाट न पाहता करायला हवे.