विषाणू आणि कर्करोग (भाग ५) : डहाणूत बर्किट का नाही?

पाऊस ओसरू लागला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आशाताईंच्या फेऱ्या वाढतात. तापलेल्या पोराचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पट्टी आरोग्य केंद्रात पोचवायची. शोध हिवतापाचा असतो. पण त्याच पोराच्या काही पांढऱ्या पेशींत बहुधा आणखी एक जण दबा धरून असतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. तो म्हणजे हर्पीस कुळातला एप्स्टाइन-बार विषाणू. तो लाळेतून पसरतो. आईनं चावून मऊ केलेला भाकरीचा घास तान्ह्याला भरवला, एवढंही त्याला पुरतं. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो आहे, आणि एकदा शिरला की जन्मभर निघत नाही.

माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सर्वात आधी ओळखला गेलेला विषाणू हाच. मग पाड्यापाड्यावर कर्करोग का दिसत नाही?

१९५७ साली युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश सर्जनपुढे जबडा चारही बाजूंनी सुजलेला एक मुलगा आला. तशी मुलं पुढे दिसतच राहिली. मुलांच्या जबड्यात गाठी आणणारा हा कर्करोग पुढे ‘बर्किट लिम्फोमा’ किंवा नुसता ‘बर्किट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बर्किट चिकाटीचा माणूस. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन, जुन्या फोर्ड गाडीतून त्यानं आफ्रिकेत सुमारे दहा हजार मैल तुडवले आणि रोगाचा नकाशा काढला. उंच, थंड प्रदेशात गाठी नाहीत. उष्ण, पावसाळी सखल भागात आहेत. म्हणजे डासांनी पसरवलेला विषाणू असणार, असा तर्क निघाला. कंपालाहून लंडनला पाठवलेल्या गाठींत अँथनी एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांना १९६४ साली विषाणू सापडलाही. गंमत अशी की डासांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डास आणत होते तो हिवताप.

विषाणू आणि हिवताप मिळून घात करतात तो असा. फाल्सिपॅरम हिवताप पुन्हा पुन्हा झाला की बी-पेशी, म्हणजे विषाणू दबा धरून असतो त्याच पांढऱ्या पेशी, सारख्या विभागत राहतात. त्या धांदलीत डीएनए तुटतो, आठव्या गुणसूत्राचा तुकडा भलत्याच, बहुधा चौदाव्या गुणसूत्राला जाऊन चिकटतो आणि ‘मिक’ नावाचं जनुक बेफाम सुटतं. अशी बिघडलेली पेशी एरवी आपली आपण मरते. विषाणू तिला मरू देत नाही. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या टी-पेशीही हिवतापानं थकलेल्या असतात.

डहाणू-तलासरीत विषाणू आहे, हिवतापही जुनाच. पण इथला हिवताप पावसामागून येतो आणि ओसरतो. आफ्रिकेतल्या बर्किटच्या पट्ट्यातल्या मुलांना तो वर्षभरात अनेकदा गाठतो. निर्णायक फरक हाच दिसतो. भारतात बर्किट तुरळक आढळतो, आणि त्यातल्या कित्येक गाठींत हा विषाणू नसतोही. आणखी एक धागा इथल्या रक्तात आहे. वारली आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक आढळतात. वाहक असणं तीव्र हिवतापापासून वाचवतं, हे जुनं ज्ञान. पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासांत तर वाहक मुलांना बर्किटही कमी झालेला दिसला.

हर्पीस म्हटलं की घाबरणाऱ्यांसाठी एक खुलासा: नागीण किंवा तापानंतर ओठांवर येणारे फोड यांच्या विषाणूंमुळे कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. माणसाला ग्रासणाऱ्या नऊ हर्पीस विषाणूंपैकी तसे दोनच. दुसरा कापोसी सार्कोमा या कर्करोगाचा, युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्यानं १९९४ मध्ये शोधलेला. त्यालाही बहुधा एचआयव्हीनं पोखरलेलं शरीर लागतं.

आपल्याकडे एप्स्टाइन-बारची खूण शोधायची तर ती हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगात. भारतीय मुलांच्या हॉजकिनच्या बहुतेक गाठींत तो सापडतो; पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बरंच कमी आहे. अडचण वेगळीच. मानेत न दुखणारी गाठ, ताप, रात्री घाम, वजनात घट, ही सगळी लक्षणं क्षयरोगाचीही. त्यामुळे गाठ न तपासता, नुसत्या अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने वाया जातात. मानेतली गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, तर तिचा तुकडा काढून तपासून घ्या, असा आग्रह डॉक्टरांकडे धराच. डहाणू रोडहून २०१३ पासून लोकल सुटते. परळचं टाटा रुग्णालय त्याच मार्गावरच्या दादरपासून जवळ आहे. वेळेत उपचार मिळाले तर हॉजकिन झालेली बहुसंख्य मुलं पूर्ण बरी होतात.