रक्तातील मदतनीस

आपल्या अवतीभोवती असंख्य रोगजंतू असतात. हवा, पाणी आणि अन्न यांतून ते शरीरात शिरतात. तरीही आपण रोज आजारी पडत नाही. असे का? कारण आपल्या रक्तात जंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे यांची नावे तुम्ही ऐकली असतील. त्यांच्या मदतीला आणखी एक फौज असते. तिला 'पूरक प्रथिने' म्हणतात.

ज्यूल बोर्दे हे बेल्जियमचे शास्त्रज्ञ. १८९५ च्या सुमारास ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होते. पटकीची लस दिलेल्या प्राण्याच्या रक्तातील सीरम पटकीचे जंतू मारते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी ते सीरम ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. आता जंतू मरेनात! मग त्यांनी त्यात लस न दिलेल्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम मिसळले. जंतू पुन्हा मरू लागले. यावरून दोन गोष्टी कळल्या. प्रतिपिंडे उष्णतेने नष्ट झाली नव्हती. पण त्यांना साथ देणारा दुसरा घटक नष्ट झाला होता. हाच तो पूरक घटक. बोर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पूरक प्रथिने तीसपेक्षा जास्त आहेत. त्यांपैकी बहुतेक यकृतात तयार होतात. एरवी ती शांत असतात. जंतू दिसताच एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. काही प्रथिने जंतूला चिकटतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी त्याला ओळखून गिळतात. काही प्रथिने आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात. काही तर जंतूच्या आवरणाला भोक पाडतात.

शेवटची काही पूरक प्रथिने जन्मतः नसली, तर मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका जंतूचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. अशा रुग्णांना त्या जंतूविरुद्धची लस देतात.

पण हे हत्यार दुधारी आहे. आपल्या पेशींवर रक्षक प्रथिने असतात, म्हणून त्या वाचतात. एका दुर्मिळ रोगात तांबड्या पेशींवर हे रक्षक नसतात. मग आपलीच फौज आपल्याच पेशी फोडते. रुग्णाला पंडुरोग होतो, लघवी काळपट होते. ही फौज आवरणारे औषध २००७ पासून मिळू लागले.

पहारेकरी जागा हवा. पण त्याला आपला कोण आणि परका कोण, हेही कळायला हवे.