वेर्थर, पापागेनो आणि मराठी वृत्तभाषा

तरुणांच्या आत्महत्यांचा प्रश्न मानसोपचाराचा आहे, तितकाच तो कथनाचाही आहे. ग्योथेची 'वेर्थर' ही कादंबरी १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली. अनुकरणाच्या भीतीने लाइपत्सिगमध्ये १७७५ साली तिच्यावर बंदी आली. ठळक वृत्तांनंतर आत्महत्यांत होणाऱ्या वाढीला समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये 'वेर्थर परिणाम' असे नाव दिले. याची दुसरी बाजू २०१० मध्ये ऑस्ट्रियातील संशोधनाने पुढे आणली. मोझार्टच्या 'जादूची बासरी' (१७९१) या संगीतिकेत हताश पापागेनोला तीन बालके दुसरा मार्ग सुचवितात. त्याचप्रमाणे संकटातून सावरलेल्यांचे वृत्तान्त इतरांना तारक ठरू शकतात. हाच 'पापागेनो परिणाम'.

या कसोटीवर मराठी वृत्तभाषा तपासण्याजोगी आहे. 'आत्महत्येचा प्रयत्न फसला' या वाक्यात जगणे हेच अपयश ठरते. 'नापास झाल्याने जीवन संपविले' या मथळ्यात अनेक कारणांची गुंतागुंत एका निकालात आटोपते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतो. भाषेने ते गृहीत अद्याप पुरते स्वीकारलेले नाही.

दुर्ग-भिलाई परिसरातील पद्मनाभपुरासारख्या बहुभाषिक वस्तीत मराठी घरातील मुलाचे दुःख मराठीतच व्यक्त होईल असे नाही. ते हिंदीतही उमटेल. 'मरावेसे वाटते का?' असे आस्थेने विचारल्याने धोका वाढत नाही. बोलण्याची वाट मोकळी होते. २०२२ पासूनची 'टेलि-मानस' (१४४१६) ही विनामूल्य सेवा अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. मात्र त्या तीन बालकांचे काम प्रथम घराने, शिक्षकाने आणि मित्राने करावयाचे आहे.