आवाजावर तरंगणारा काजवा

दोन फलक समोरासमोर, मध्ये वीस सेंटिमीटरची मोकळी जागा. त्या जागेत एक लाल ठिपका अधांतरी उभा आहे. दोरा नाही, पंख नाहीत, गरगरणारी पातीही नाहीत. ठिपका सरकतो, थांबतो, वर चढतो. जवळ कागद धरला तर त्याच्या उजेडात अक्षरं जेमतेम दिसतात. टोकियो विद्यापीठातल्या माकोतो ताकामिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७च्या अखेरीस ही वस्तू जगापुढे मांडली. तिचं नाव ल्युसिओला. काजव्यांच्या एका प्रजातीचंच नाव तिला दिलं आहे. व्यास ३.५ मिलिमीटर, वजन १६.२ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याइतकं. तेवढ्यात दिवाही आहे आणि तो पेटवणारं सर्किटही!

उडणारं काहीही बनवायला घ्या, पहिला वैरी वजन. दिवा हवा तर वीज हवी, विजेसाठी बॅटरी, बॅटरी उचलायला मोटर, आणि मोटर आली की आणखी मोठी बॅटरी. ड्रोन बनवणाऱ्यांच्या हे चांगलंच अंगवळणी पडलेलं असतं. ल्युसिओलाच्या कर्त्यांनी मात्र उलटा विचार केला. उडणाऱ्या वस्तूत जे जे नसलं तरी चालेल, ते ते काढून बाहेर ठेवायचं.

आधी पंख बाहेर गेले. उचलण्याचं काम आवाजावर सोपवलं. प्रत्येक फलकावर पावणेतीनशेहून जास्त इवले स्पीकर दाटीवाटीने बसवलेले असतात आणि ते सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज काढतात. आपले कान २०,००० च्या आसपासच हात टेकतात, म्हणून खोलीत आपल्याला शांतताच वाटते. दोन्हीकडून येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्या की हवेत स्थिर तरंग उभे राहतात. काही जागी हवेचा दाब जोरात वरखाली होतो, काही जागी जवळजवळ बदलतच नाही. या दुसऱ्या जागा म्हणजे दाबाचे निस्पंद बिंदू. हलकी वस्तू तिथे सापडली की आजूबाजूचा दाब तिला बाहेर पडू देत नाही. आवाज वस्तू हलवू शकतो हे जुनंच आहे. ऑगस्ट कुंट या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आवाज सोडला, तेव्हा भुकटीच्या ठरावीक अंतरावर ओळीने राशी झाल्या होत्या.

मला सगळ्यात गंमत वाटते ती ३.५ मिलिमीटर या आकड्याची. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. त्याला ४०,००० ने भागलं की एका लहरीची लांबी येते साडेआठ मिलिमीटर. निस्पंद बिंदू तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरवर एकेक. वस्तूला एका कप्प्यात मावायचं असेल तर तिने याहून लहानच राहिलं पाहिजे. काजव्याचा आकार असा मुळात हवेनेच ठरवून टाकला होता.

हलवायचं कसं? स्पीकरांच्या कंपनांची वेळ किंचित मागेपुढे केली की निस्पंद बिंदू सरकतो, आणि त्यात अडकलेला काजवाही निमूट त्याच्यामागे जातो. लांबी-रुंदीला १०.४ आणि उंचीला ५.४ सेंटिमीटर, एवढ्या अंगणात त्याला हवं तिथे फिरवता येतं.

मग बॅटरी गेली. वीज तारेशिवाय, चुंबकीय क्षेत्रातून पोचवली. बाहेरच्या वेटोळ्यातून सेकंदाला १ कोटी २३ लाख आवर्तनं करणारी वीज खेळते आणि काजव्याच्या अंगातल्या वेटोळ्यात तिचा प्रतिसाद उमटतो. इथे एक अडचण होती. आवाजावर तरंगणारी वस्तू स्वतःभोवती फिरते. फिरताना वेटोळं भलत्याच बाजूला वळलं की वीजपुरवठा कोलमडणार. म्हणून काजव्याचा आकार आणि वेटोळ्याची जागा या दोन्ही गोष्टी एकत्रच नव्याने आखाव्या लागल्या. एकीत बदल केला की दुसरी बिघडण्याची भीती. बाजारातले सुटे भाग या वजनात बसणारे नव्हते, तेव्हा चिपही खास घडवून घेतली. पहिला नमुना नीट चालायला दोन वर्षं गेली, यात नवल नाही.

अशा तरंगत्या कणांमध्ये एक दिवस स्मार्टफोनची कामं सामावतील, अशी ताकामिया यांना आशा आहे. मला ते लांबचं वाटतं. आज फलकांमधली जागा सोडली की काजवा खाली पडतो. तोवर ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये वेगळीच वाट धरली. त्यांनी दिवासुद्धा वस्तूबाहेर काढला. त्यांच्याकडे उरला पॉलिस्टायरीनचा नुसता पांढरा मणी. ५१२ स्पीकर त्याला सेकंदाला पावणेनऊ मीटरपर्यंतच्या वेगाने पळवतात, बाहेरून त्याच्यावर रंगीत प्रकाश पडतो, आणि तो इतक्या झपाट्याने फिरतो की डोळ्यांना मणी दिसतच नाही. दिसतं ते हवेत पंख हलवणारं फुलपाखरू.