मोत्याचा फराळ

दिवाळीच्या पहिल्या सकाळी फराळाची ताटे मांडली, की आमच्या घरी एक पाहुणा न बोलावता पाटाशेजारी येऊन बसतो. तो म्हणजे आमचा मोत्या. गेल्या दिवाळीत धाकट्या लेकीने बेसनाचा लाडू त्याच्यापुढे धरला आणि मी उदारपणे म्हणालो, "दे गं, त्याचीही दिवाळी आहे!" तोच सौभाग्यवती धावत आल्या आणि लाडू हिसकावून घेतला. कारण काय, तर वर बसवलेला बेदाणा! निवाडा मागायला मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि हरून परत आलो.

शेंगदाणे किंवा काजू कुत्र्याला मुळात विषारी नाहीत. भाजलेले, सोललेले, बिनमिठाचे दोनचार दाणे मोठ्या कुत्र्याला सहसा बाधत नाहीत. चिवड्यातल्या दाण्यांची गोष्ट वेगळी. फार तेलकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि चिवड्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतो.

आपली आणखी एक खोड म्हणजे बुरशी धरलेले दाणे 'टाक कुत्र्याला' म्हणून मोकळे होणे. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले, त्याचे मूळ बुरसटलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत निघाले. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, कुत्र्याच्या यकृतालाही घातक असते.

हल्ली भेटीच्या पेट्यांतून मॅकाडेमिया नावाचा गोल, पांढुरका मेवा येतो. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तो खाल्ल्यावर काही तासांतच कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, अंग कापते, उलट्या होतात. बहुतेक कुत्री एकदोन दिवसांत सावरतात.

बेदाण्याचे मात्र तसे नाही. त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखादे कुत्रे मूठभर पचवते, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात, आणि आपले कुत्रे कोणत्या जातकुळीचे हे आधी कळत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर २०२१ पासून संशय आहे. ते आम्ल चिंचेतही असते. असे काही पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे आणि काय, किती, केव्हा खाल्ले ते सांगावे.

यंदा लेकीने मोत्यासाठी वेगळी वाटी ठरवली आहे. तिच्यात उकडलेले गाजर आणि वर मोजून दोन भाजके दाणे. लाडवासाठी तो माझ्याकडे पाहील, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मात्र उदार व्हायचे नाही, एवढे मी सौभाग्यवतींना कबूल केले आहे.