बिल्वपत्राचा सुगंध आणि विजयेचा मोह

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की रत्नागिरी जिल्ह्यातील शिवालये गजबजू लागतात. आंब्याचा मोहोर ओसरून फांदोफांदी बारीक कैऱ्या धरलेल्या असतात आणि पहाटेचा गारवा अजून सरलेला नसतो. अशा वेळी गुहागरचा व्याडेश्वर, समुद्राच्या गाजेत उभा असलेला वेळणेश्वर, राजापूरचा धूतपापेश्वर, कसबा संगमेश्वरचा कर्णेश्वर, सह्याद्रीच्या कपारीतील मार्लेश्वर आणि शहरात राजिवड्याचा काशीविश्वेश्वर यांच्या दर्शनाला माणसे निघतात. हाती तांब्याभर पाणी आणि मूठभर बेल, एवढीच बहुतेकांची सामग्री. भोळ्या शंकराला याहून अधिक लागत नाही, ही आपल्या वाडवडिलांची श्रद्धा.

परंतु अलीकडे या पर्वाच्या निमित्ताने घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो. ‘शंकराला भांग प्रिय, काशीत ती प्रसाद म्हणून घेतात, मग आम्हांला ती वर्ज्य का?’ असे तरुण मुले विचारतात. परदेशात गांजाचे लिंबाच्या वासाचे वाण निघाले आहेत, हेही त्यांना ठाऊक असते. कॅनडात २०१८ सालापासून गांजा कायदेशीर झाला असून बहुतेक प्रांतांत प्रौढांना घरी चार झाडे लावता येतात. या प्रश्नाची बोळवण केवळ डोळे वटारून करणे योग्य नव्हे. त्याचे नीट उत्तर देणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ही वनस्पती आपल्या परंपरेला परकी नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम, दर्भ आणि जव यांच्या पंक्तीत ‘भंग’ या वनस्पतीचे नाव येते. ती आजची भांगच काय, याविषयी पंडितांत एकमत नाही. आयुर्वेदाने तिला ‘विजया’ असे गौरवाचे नाव दिले आणि ग्रहणीच्या विकारावरील जातीफलादि चूर्णात तिला स्थान दिले. परंतु ते शोधन करून, मापाने आणि वैद्याच्या सल्ल्याने. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील नगर जिल्ह्यात गांजाची परवान्याने शेती होत असे. १८९३ साली सरकारने या विषयाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये आपला अहवाल दिला. शिवभक्तांतील भांगेच्या प्रथेची त्याने नोंद केली. मर्यादित सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिरेकाने मात्र निश्चित होते, असे सांगून त्याने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. आज या अहवालाचा दाखला देणारे पुष्कळ आहेत. त्यातील ‘मर्यादित’ हा शब्द मात्र सोयीस्करपणे गळून पडतो.

तो शब्द आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. गांजातील मादक द्रव्य १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळे करून त्याची रचना सिद्ध केली. त्यास संक्षेपाने ‘टीएचसी’ म्हणतात. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजाच्या तपासणीत १९९५ च्या सुमारास त्याचे सरासरी प्रमाण ४ टक्के होते. २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेले. म्हणजे नाव तेच राहिले, पण द्रव्य तिपटीने तीव्र झाले. पंचविशीपर्यंत माणसाच्या मेंदूची घडण चालू असते. त्या वयात तीव्र गांजाचे नित्य सेवन करणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकाने वारंवार दाखविले आहे.

आणि तो लिंबाचा वास? त्याचे मुख्य कारण म्हणजे लिमोनीन नावाचे सुगंधी द्रव्य. लिंबू-संत्र्याच्या सालीत ते विपुल असते आणि गांजाच्या काही वाणांतही आढळते. म्हणजे वास एकाचा आणि नशा दुसऱ्याची! आता गंमत पाहावी. वनस्पतिशास्त्रात आपला बेल हा लिंबाच्याच कुळातला आहे. कोकणी स्वयंपाकातील तिरफळही त्याच कुळातले. बेलाच्या पानांतील तेलातही लिमोनीन ठळकपणे असते. पूजेच्या तबकातील एक पान बोटांत चुरगाळून पाहावे. ज्या गंधाचे दूरदेशी एवढे कौतुक चालते, त्याचे एक निर्मळ रूप आपल्या देवघरात पूर्वापार नांदत आहे.

कायद्याची बाजूही घरात स्पष्ट सांगावी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यान्वये परवान्यावाचून गांजाचे झाड लावणे हा गुन्हा आहे; त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुंडीतले एकटे झाडही त्यातून सुटत नाही. नुसत्या पानांची भांग त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेली असल्याने उत्तरेकडील काही राज्यांत तिची परवानाधारक दुकाने दिसतात. परंतु महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही मादक पदार्थच मानतो.

तथापि श्रद्धाळू मनाला कायद्याहून धर्माचे उत्तर अधिक पटते. भागवताच्या दशम स्कंधात शुकाचार्य परीक्षितीला बजावतात की, ईश्वराच्या असामान्य कृतींचे अनुकरण सामान्याने मनानेसुद्धा करू नये. रुद्र नसताना जो समुद्रातील विष प्राशन करील तो नाश पावेल. ‘शंकर घेतात म्हणून आम्ही घेतो’ म्हणणाऱ्याला इतकेच विचारावे: शंकराने हलाहलही घेतले, तेही जगाच्या रक्षणासाठी, त्याचा वाटा उचलण्यास आपण तयार आहोत काय?

शिवाय महाशिवरात्र हे जागराचे व्रत आहे. बेलाच्या झाडावर रात्र काढणाऱ्या व्याधाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या हातून नकळत पाने खालच्या पिंडीवर पडत राहिली, कारण तो रात्रभर जागा होता. चारही प्रहर चित्त सावध ठेवणे हाच या रात्रीचा गाभा. ज्या द्रव्याने जाणीव मंदावते, त्याने तो जागर कसा साधावा?

म्हणून आमचे सांगणे असे की, मुलांना झाड लावण्याची हौस असेल तर ती जरूर पुरवावी. त्यांच्या हाती बेल द्यावा. चैत्र-वैशाखात पिकलेल्या फळातील बिया धुऊन, चिकटपणा घालवून लगेच रुजत घालाव्यात, कारण त्यांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. वर्षाचे रोप पुढल्या पावसाळ्याच्या आरंभी परसात लावावे. आपल्या जांभ्या जमिनीत दोन-अडीच फूट खड्डा घेऊन माती आणि शेणखत भरले की पुरते. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नये. पहिले दोन उन्हाळे मात्र पाण्याला चुकू नये. उन्हाळ्याच्या तोंडी पाने झडतात, तेव्हा झाड वाळले असे समजून कुऱ्हाड लावू नये. थोड्याच दिवसांत पोपटी पालवी फुटते. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते. बियांच्या झाडाला सात-आठ वर्षे किंवा अधिकही लागतात. तेवढा धीर धरणे हेही एक व्रतच!

चतुर्दशीला बेल तोडू नये असा संकेत असल्याने पाने आदल्या दिवशीच काढून ठेवावीत. बेल शिळा होत नाही, अशी आपली समजूत आहे. अखंड त्रिदळ निवडून ते पालथे, देठ आपल्याकडे करून वाहावे. पुढे उन्हे तापली की पिकल्या फळाचा गर पाण्यात भिजवून कुस्करावा, गाळावा आणि गूळ, वेलदोडा व लिंबाचे चार थेंब घालून त्याचे सरबत करावे. कोवळे बेलफळ अतिसारावर उपयुक्त आहे, हे जुन्या घरांतून अजूनही ठाऊक आहे. म्हणजे पोटाच्या ज्या तक्रारींसाठी वैद्य विजयेकडे वळत, त्यांवरचा सौम्य उपाय आपल्या परसातच आहे.

यंदाच्या शिवरात्रीला पिंडीवर पान वाहताना घरातील लहानथोरांनी त्याचा सुगंध एकवार घ्यावा, आणि ‘भांग का नाही?’ असे विचारणाऱ्या मुलाला जवळ बसवून हे सारे शांतपणे सांगावे. सावध मनाने काढलेली एक रात्र आणि हातांनी लावलेले एक बिल्वरोप, एवढ्यावर आशुतोष निश्चित संतुष्ट होईल.