चरबी ओसरते, पेशी मुक्काम सोडत नाहीत

मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली आणि त्यांच्या पाठोपाठ एक जुनाच प्रश्न नव्या जोमाने विचारला जाऊ लागला. पंधरा-वीस किलो उतरले, पण ओटीपोटाची वळी जागची हलत नाही आणि दंडाची कातडी लोंबते. आता काय करायचं? दोन्हींवर एकच क्रीम, एकच पट्टा, एकच 'पॅकेज' विकलं जातं. खरं तर या दोन तक्रारींची कारणं पूर्ण वेगळी आहेत, आणि ती समजली की जाहिरातींतला बराचसा फोलपणा आपोआप उघडा पडतो.

आधी चरबी. तिच्या पेशींचं वय मोजण्याची युक्ती सापडली ती चक्क अणुचाचण्यांमुळे. १९५०च्या दशकापासून १९६३च्या चाचणीबंदी करारापर्यंत महासत्तांनी उघड्यावर इतके बॉम्ब फोडले की हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि त्यानंतर वर्षागणिक घटत गेला. हा कार्बन वनस्पतींतून आपल्या ताटात येतो. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेची नोंद कायमची होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांनी ही नोंद वाचून २००८ मध्ये दाखवलं की दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि साधारण तेवढ्याच नव्या तयार होतात. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मेदपेशी दोन वर्षांनंतरही संख्येने तेवढ्याच होत्या, फक्त रोडावल्या होत्या. (शीतयुद्धातून निघालेलं एवढं निरुपद्रवी फलित दुसरं शोधून सापडायचं नाही.)

मग एखादी जागाच हट्टी का? मांड्या-नितंबांच्या मेदपेशींवर अल्फा-२ रिसेप्टर जास्त असतात आणि ते अ‍ॅड्रेनलिनच्या 'चरबी सोड' या हुकमाला लगाम घालतात. त्या भागाचा व्यायाम केल्याने हा लगाम सुटत नाही. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचा घेर मोठा भरला, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच निघाली. यावर कोणी म्हणेल, चरबी गोठवण्याच्या यंत्राने तर पेशी मरतात. मरतात, हे मान्यच. बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतली चरबी थंडीने दुखावते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं; त्याच धाग्यावरून हार्वर्डच्या मॅनस्टीन आणि अँडरसन यांनी हे तंत्र विकसित केलं. पण त्याने चरबीचा थर साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, आणि थोड्या लोकांत तो उलट वाढून घट्ट होतो. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपल्या बाबतीत हेच घडल्याचं जाहीरपणे सांगितलं.

कातडीचं दुखणं निराळं. ताणल्यावर तिला पूर्ववत करणारं इलॅस्टिन हे प्रथिन शरीर बहुतांशी जन्माआधी आणि बालपणात तयार करतं. प्रौढ वयात ते तुटलं की नीट भरून निघत नाही. इलॅस्टिक गेलेला पायजमा इस्त्री केल्याने कमरेवर थांबत नाही. म्हणून वय, ऊन, धूम्रपान आणि किती वर्षं किती ताण पडला, यावर कातडी किती आवळेल हे ठरतं. कोलॅजेनची क्रीमं तर निव्वळ खिसा हलका करतात. साधारण ५०० डाल्टनहून (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत आणि कोलॅजेनचा रेणू तीन लाखांच्या घरातला. 'पण लावल्यावर फरक जाणवतो' हा अनुभवही खोटा नाही. तो ओलाव्याचा, काही तासांचा फरक असतो. व्यायामाने स्नायू भरले तर थोडी पोकळी भरते, तोही खरा फायदा. मात्र खूप वजन उतरल्यानंतर उरलेली जादा कातडी काढायची खात्रीची वाट शस्त्रक्रियेचीच आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेचा व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जातो आणि जन्मभर राहतो, आणि वजन काही महिने स्थिर राहिल्याशिवाय जबाबदार सर्जन ती करत नाहीत.